धाकटीची फेरी

९ मार्च १९८७

चार नवे टँकर आले. ऑफिसच्या मागच्या आवारात उभे आहेत, निळे, प्रत्येकाला झेंडूचा हार. टेबलं सोडून सगळे बघायला गेलेले, मीही. साहेब (ह्यापुढे नुसतं सा. लिहीन, हात दुखतो) टाकीवर थाप मारून म्हणाले, "बापटबाई, ह्यांची काही तरी प्रसिद्धी करायला हवी. लोक नुसत्या शिव्या घालतात आपल्याला." मी पटकन बोलून गेले, शाळांमधून मुलांकडून नावं मागवू या, प्रत्येक टँकरला एक. सा.ना एकदम पटलं. इतकं पटलं की सगळं काम माझ्याच गळ्यात घातलं. चौदा वर्षं पाणीखात्यात काढली, तरी तोंड कधी मिटावं ते कळत नाही.

११ मार्च

परिपत्रक झालं. स्टेन्सिल मीच कापली. "बालमित्रांनो, आपल्या शहराच्या टँकरला नाव सुचवा. तेच नाव का, ते दोन ओळींत लिहा." वाचून बघितलं तर अगदीच कोरडं, बिलाच्या नोटिशीसारखं. म्हणून शेवटी आपली एक ओळ घातली: "ज्याचे नाव निवडले जाईल, त्याच्या दारी तो टँकर पहिली फेरी करील." सा.नी न वाचता सही केली. ते काहीच वाचत नाहीत. गठ्ठे शाळांकडे गेले. हाताला शाई, निऱ्यांना शाई. मंजू म्हणाली, आई तू होळी आधीच खेळलीस का.

१६ मार्च

धुळवड. सोसायटीत कोरडा गुलालच, कारण नळ सकाळी सहा ते सात आणि तोही करंगळीएवढा. ह्यांनी बादलीला हात लावला तर मी ओरडले. पाणीखात्यातल्या बाईच्या घरी पाणी नाही, हा वरच्या मजल्यावरच्यांचा आवडता विनोद आहे. हसते मी. काय करणार.

अजून एकही चिठ्ठी आलेली नाही. उगाचच जीव वरखाली होतोय. परीक्षा तोंडावर, मास्तर लोक असलं काही वर्गात वाचून दाखवतील का, शंकाच आहे.

१९ मार्च

आल्या. बुटांचं खोकं भरून आल्या, मग दुसरं खोकं.

दुपारभर वाचत बसले, डबा तसाच. हंडेवाली मावशी. थेंबूताई. गळकोबा. एकाने "उशिरे मामा" सुचवलंय, कारण "हे मामा नेहमी उशिरा येतात पण येताना रिकाम्या हाताने येत नाहीत." इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली. एकाने नुसतंच "राक्षस", कारण दिलं नाही.

मंजूनेही टाकलंय, "निळूताई". रात्री जेवताना सरळ विचारलं, "मी तुझी मुलगी आहे ना?" म्हटलं, म्हणूनच नाही. ताटावरून उठली. नऊ वर्षांची आहे, पण रुसते माझ्या सासूबाईंसारखी.

२१ मार्च

चार नावं काढली. थेंबूताई, हंडेवाली मावशी, उशिरे मामा, आणि चौथं "धाकटी".

ती चिठ्ठी इथे उतरवून ठेवते. "टँकरचे नाव धाकटी. कारण आमच्या आज्याच्या होडीचे नाव थोरली होते. ती आता मोडली. म्हणून ही धाकटी. वैशाली भोईर, इयत्ता चौथी." वाचली आणि पुढची चिठ्ठी उचलवेना. दोन-चार वेळा गॅलरीत जाऊन आले.

सा.ना दाखवली. उशिरे मामा बघून कपाळाला आठ्या. "हा आपल्यावर टोमणा आहे." तिथे "हत्तीण" घातलं. धाकटीवर म्हणाले, "छान. घरगुती आहे." झालं, मंजूर. पेंटर सोमवारी येणार.

२३ मार्च

आज शाळांकडून मुलांचे पत्ते मागवले, सर्टिफिकिटांसाठी. तिघं बिल्डिंगमधली. वैशालीचा पत्ता: कोपरच्या पुढे, खाडीच्या कडेला, बांधावरून.

बांधावरून. तिथे आमचा टँकर जात नाही. कधीच गेलेला नाही. फेऱ्यांचा तक्ता दर पंधरवड्याला मीच लिहिते, त्या गावाचं नाव त्यात आजवर लिहिलेलं मला आठवत नाही. का नाही, हे कधी विचारलंही नाही. वरून आलेला जुना तक्ता समोर ठेवायचा आणि त्यावरून नवा उतरवायचा, असंच चालत आलंय.

आणि मी ठळक अक्षरात लिहून बसले, त्याच्या दारी पहिली फेरी. ज्याला नाव सुचेल त्याच्या दारापर्यंत रस्ता असणारच, हे मी कशावरून धरून चालले? मूर्ख बाई.

२४ मार्च

सा.ना सांगितलं. परिपत्रक पहिल्यांदाच वाचलं त्यांनी, माझ्यासमोर. "हे कोणी लिहिलं?" मी. "बाई, त्या बांधावर मोरी आहे. खाली पाइप, वर माती. भरलेला टँकर तिथे घातला तर खाडीतून क्रेनने काढावा लागेल." मग म्हणाले, "धाकटी काढून टाका, दुसरं कुठलं तरी घ्या. निळूताई वाईट नाही." ते कोणाचं नाव आहे त्यांना माहीत नव्हतं. एक क्षण, खरं लिहायचं तर एक क्षण मला बरं वाटलं. मंजूचा चेहरा आला डोळ्यांसमोर.

पण पेंटरने धाकटी कालच रंगवलं होतं. पिवळ्या अक्षरात, खाली लाटेसारखी रेघ ओढून. सा. वैतागले, म्हणाले, राहू दे मग, समारंभ आवारातच करू, सगळ्यांची पहिली फेरी तिथेच झाली असं धरायचं. मी हो म्हटलं. पटलेलं नव्हतं तरी हो म्हटलं.

३० मार्च, पाडवा

घरची गुढी उभारून साडेआठला ऑफिस. आवारात चारही टँकर धुऊन उभे. नारळ, पेढे, फोटो. तीन मुलं आईबापांबरोबर, इस्त्रीचे कपडे. वैशाली आजोबांबरोबर. काटकुळी, वेणीला अबोली, पायात चपला नव्या आणि एक नंबर मोठ्या. आजोबा सत्तरीचे तरी, डोक्याला रुमाल, हातात पितळेचं तबक: हळदकुंकू, तांदूळ, नारळ. घरून आणलेलं. आम्ही एकच नारळ आणलेला चौघांत मिळून.

त्यांनी वैशालीला उचलून धरलं आणि तिने धाकटीच्या नाकाडावर हळदकुंकू लावलं. सावकाश, पाच बोटं. फोटोवाल्यालासुद्धा घाई करवली नाही.

मग म्हातारा माझ्याकडे आला. "बाय, आमचेत होरीला जो नाव देतो, त्याचे घरा पयला वाटा जातो. पोरीनं नाव दिलान. टँकर कवा यील? गावातल्या बाया सकालपासून हंडं मांडून बसल्यान."

होडी पहिल्यांदा मासळी घेऊन आली की नाव देणाऱ्याच्या घरी पहिला वाटा, अशी त्यांची रीत. त्यात माझं परिपत्रक. त्यांना दोन्ही एकच वाटलं, आणि वाटणारच. मी काय बोलले? "उद्या येईल, आजोबा." सा. बाजूलाच पेढा खात होते. ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं.

घरी आले. श्रीखंडाची वाटी मंजूकडे सरकवली. सकाळपासून मांडलेले हंडे. पाडव्याच्या दिवशी.

३१ मार्च

गेला नाही. कोणी पाठवलाच नाही. मी कोणाला सांगितलंच नाही.

३ एप्रिल

म्हातारा ऑफिसात आला. बाकावर बसला, चहा घेतला नाही. भांडेल असं वाटलेलं, भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. एवढंच म्हणाला, "इहीर मचूल झाली, बाय." विहिरीला खाडीचं पाणी लागलंय. फाल्गुनातच लागतं म्हणे, दर वर्षी. बायका मुलींना घेऊन डोक्यावर हंडे घेऊन रुळाच्या अलीकडे येतात, कोणी दिलं तर भरतात.

मी पुन्हा म्हटलं, बघते. बघते, करते, सांगते. ह्या तीन शब्दांवर माझी नोकरी चाललीये.

४ एप्रिल

आमच्याकडे फेऱ्यांचा तक्ता आधी पेन्सिलीने लिहायचा, सा.नी बघायचा, काही नको असेल तर खोडायचं, मग मी शाईने गिरवायचा आणि सही. आज पेन्सिलीने ओळ घातली: "धाकटी, खाडी गाव, सकाळी ७, रोज एक."

सा.च्या ड्रॉवरमध्ये खोडरबर असतं, निळं-लाल, दोन टोकांचं. माझ्यादेखत खोडलं, कागदावरचे कण फुंकले. "मोरी, बाई. मोरी पडली तर सही माझी असते." ते खोटं बोलत नाहीत, ही त्यातली अडचण. सही त्यांचीच असते.

मग मी जेवणाच्या सुट्टीत आवाराला तीन चकरा मारल्या. सय्यदभाईंनी विचारलं, बाई, काय हरवलंय का. धाकटीवर हेच ड्रायव्हर. सतरा वर्षं टँकरवर. त्यांना सगळं सांगितलं. ते नुसतं टायरकडे बघत उभे राहिले.

७ एप्रिल

आज दुपारी वैशाली एकटी आली. परीक्षा देऊन तशीच, पाटी-पुस्तकाची पिशवी, कंपासपेटी. दारात उभी. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरूनच, "बाई, धाकटी नाव चुकलं काय?"

म्हटलं, नाही गं, का?

"मग येत का नाय ती? आवडलं नसंल तर दुसरा देते. मी तीन लिहून आनलंय."

आणि कागद काढला. वहीचं पान, घडी घातलेलं. खरंच तीन नावं लिहिलेली, एकाखाली एक, प्रत्येकाचं कारण दोन ओळींत. दोनच ओळींत, कारण परिपत्रकात तसं होतं.

मी तिला काय सांगितलं मला धड आठवत नाही. नाव छान आहे, नावाचं काही चुकलेलं नाही, असलंच काहीतरी. ती कागद माझ्याकडे ठेवून गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. नळाला पाणी नव्हतं, तोंड पदराने पुसलं. एक अख्खं ऑफिस आणि चौथीतल्या पोरीला वाटतंय की चूक तिची.

घरी मंजूने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. शेवटी म्हणाली, "म्हणजे तू खोटं बोललीस." ह्यांनी तिला गप्प बस म्हटलं. मी म्हटलं, बोलू दे.

१२ एप्रिल, रविवार

सय्यदभाई स्वतःहून घरी आले, सायकलवर. "चला बाई, मोरी बघू. बघायला काय सही लागते?" आमच्या ह्यांच्या सायकलवरून मी, मागे-पुढे करत. कोपर ओलांडलं की बिल्डिंगी संपतात, मिठागराचा वास सुरू होतो, दोन्ही बाजूंना चिखल आणि मध्ये बांध. मी ह्या शहरात एकोणीस वर्षं राहते. इथे पहिल्यांदा आले.

सय्यदभाई मोरीवर उकिडवे बसले, पाइपाला दगडाने ठोकून बघितलं, हात पसरून वाव मोजले. "रिकामी गाडी आरामात जाईल. भरलेली नाही. आधी टाकी..." आधी म्हणजे अर्धी. पुन्हा पाइपाकडे बघितलं. "आधी टाकी जाएगी. मी नेतो. पण एकटा नाही, कोणी तरी ऑफिसचं पायजे."

बांधाच्या टोकाला एक होडी पालथी, अर्धी. फळ्या काढून नेलेल्या, नाकाडावर पांढऱ्या रंगात "थो" उरलेलं. पुढची अक्षरं गेली. बघून उभीच राहिले. सय्यदभाईंनी सायकलची घंटा वाजवली तेव्हा हलले.

१५ एप्रिल

अर्धी टाकी आणायची कुठून? तक्त्यात प्रत्येक थेंब कोणाच्या तरी नावावर आहे. कोणाचंही कापलं तरी उद्या इथे मोर्चा. एकच फेरी अशी आहे जिच्यासाठी बोंब माझ्याच दारात होईल: आमच्या सोसायटीची. रोज सकाळी येते, त्यातली शनिवारची.

सा. शुक्र-शनि रजेवर, मेहुणीचं लग्न, कल्याण. मी काही ठरवलेलं नाही. नुसतं लिहून ठेवतेय.

१८ एप्रिल

गेली. धाकटी गेली.

पहाटे पाचपासून जागी. पावणेसातला आवारात, सय्यदभाई आधीच आलेले. टाकी अर्धी भरली. केबिनमध्ये मी, पर्स मांडीवर, पहिल्यांदाच टँकरमध्ये बसलेली. इतक्या वर्षांत कागदावर हजारो फेरे मारले असतील ह्या गाड्यांचे. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला जातं आणि गाडी त्याच्यामागे कलते, हे मला माहीत नव्हतं. सय्यदभाई म्हणाले, "भरलेल्यापेक्षा आधी गाडी वाईट, बाई. पानी नाचतं." आणि मोरी अजून यायची होती.

मोरीवर मी खाली उतरले. त्यांनीच उतरवलं. इंच इंच नेली. मातीचा एक गोळा सुटून चिखलात पडला, बास. पलीकडे गेल्यावर त्यांनी रुमालाने मान पुसली आणि मला हाताने बोलावलं.

हंडे मांडलेले होते. कोणी कळवलेलं नव्हतं. पाडव्यापासून रोज सकाळी मांडतात, सातला, आणि नऊ वाजता उचलून रुळाकडे निघतात. रोज. एका बाईने फक्त माझ्या साडीकडे बघितलं, चिखल लागलेला, आणि बसायला पाट आणला.

पहिला हंडा वैशालीच्या घरी. म्हाताऱ्याने पाइप स्वतः धरला, दुसऱ्या कोणाला देईना. वैशाली हंड्याशेजारी उभी, दोन्ही हात मागे, परीक्षेत पहिली आल्यासारखी. हंडा भरल्यावर आज्याने बोट बुडवून पाणी जिभेला लावलं. "गोरं हाय," म्हणाला. मचूळ नाही म्हणजे गोडं.

मला वाटलं, सुटले. दिलेला शब्द पुरा झाला. पहिली फेरी म्हटलं होतं, पहिली फेरी झाली. इतकं हलकं वाटलं की तिथेच पाटावर डुलकी लागली असती. मग ती पाट आणणारी बाई म्हणाली, "उद्या किती वाजता?"

म्हातारा हसला, पहिल्यांदाच. "पयला वाटा म्हनलं का दुसरा असतोच, बाय. होरी एकदाच जात नाय."

घरी आले तर जिन्यात सगळी सोसायटी. आपला टँकर कुठे? सांगून टाकलं. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, शोभतं का तुम्हाला. हे म्हणाले, "मी आंघोळ कुठे करू आता, खाडीत?" मी म्हटलं, तिथेही विचारावं लागेल. मंजूने मात्र स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवलं.

२० एप्रिल

सा.ना कळलं. सोसायटीने अर्जच दिला, बावीस सह्या, त्यात आमच्या ह्यांचीही. (म्हणे बाकी सगळ्यांनी केली, मी एकटा कसा नाही करणार.) सा. ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मोरी पडली असती तर?" मी म्हटलं, पडली नाही. "हे उत्तर नाही, बाई." नाहीच ते उत्तर. मोरी बांधायची फाइल आहे का विचारलं. आहे म्हणाले. कुठे आहे ते नाही सांगितलं.

मग शोधली मीच. कपाटाच्या वर, दोरी बांधलेली. एक टिप्पणी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. तिचं काय होईल देव जाणे, पण धूळ तरी झटकली गेली.

गेले दोन दिवस धाकटी स्टेशनकडच्या फेरीवर आहे. सय्यदभाई रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जाताना एकदा हॉर्न देतात. मला तो हॉर्न नको झालाय.

२९ एप्रिल

उद्या मेच्या पहिल्या पंधरवड्याचा तक्ता द्यायचा. आज लिहायला बसले. पेन्सिलीला टोक केलं, मग ती टेबलावर ठेवली, परत उचलली. पाणी प्यायले. उठून आवारात गेले. धाकटी उभी होती, पुढच्या भागावरचं कुंकू अजून पुसलेलं नाही, सय्यदभाई तेवढी जागा सोडून गाडी धुतात.

परत आले आणि सगळा तक्ता पेन्सिलीने लिहिला. एक ओळ सोडून. ती शाईने: "धाकटी, खाडी गाव, अर्धी टाकी, सकाळी ७, रोज." तिच्याखाली पेन्सिलीने आमच्या सोसायटीची फेरी एक दिवसाआड केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. शाईवर ते खोडरबर चालत नाही. चालवलंच तर कागद फाटतो, आणि सगळा तक्ता पहिल्यापासून लिहावा लागतो, तो मीच लिहिणार. परत लिहीन. तसाच लिहीन.

बदली होईल बहुतेक, जन्ममृत्यू नोंदणीत वगैरे.

३० एप्रिल

तक्ता सा.च्या टेबलावर ठेवला, वर वैशालीचा तीन नावांचा कागद टाचणीने लावून. वाचतील की नाही माहीत नाही.

आत्ता नऊला दहा मिनिटं कमी आहेत. सा. साडेअकराशिवाय येत नाहीत. तिकडे हंडे सातपासून मांडलेत, अजून दहा मिनिटं वाट बघतील.